ओक्सानचा उलटा बाहुला

चूक माझी होती, हे आधीच सांगतो. पुढे तालुका कचेरीने आणि विद्यापीठाने ती एकमेकांच्या अंगावर ढकलून पाहिली, पण पहिलं खोटं बोललो तो मी. प्यो ग्वांग-सिक, नूतीगोलचा गावप्रमुख, वय चौसष्ट. आमच्या गावात एकतीस माणसं राहतात आणि त्यांतला तरुण मी. ही थट्टा नाही. तरुण मंडळाचा अध्यक्षही मीच आहे, कारण मंडळात दुसरं कुणी नाही.

मार्च सरताना प्राध्यापक ताक आपल्या तीन विद्यार्थ्यांना घेऊन गावात आले. प्रकल्पाचं नाव होतं ‘उद्याचा वारसा’. झेलकोव्हाच्या झाडाखाली उभं राहून ते म्हणाले, “वारसा जपायचा नसतो. त्याची सर्जनशील पुनर्व्याख्या करायची असते.” झाडाखाली बसलेल्या चार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, त्यातल्या तिघांना ऐकू येत नाही. प्राध्यापक गावात चाळीस मिनिटं होते. मुलं मात्र गावच्या सभागृहात मुक्कामाला राहिली.

आमच्याकडे याआधीही पुनर्व्याख्या होऊन गेल्या होत्या. पहिल्या तुकडीने ह्वांगआजोबांच्या भिंतीवर दोन मोठे पांढरे पंख रंगवले, म्हणजे लोकांनी मध्ये उभं राहून फोटो काढावेत. लोक आलेच नाहीत, आणि आता त्या पंखांवर आजोबा लाल मिरच्यांच्या माळा टांगतात. दुसऱ्या तुकडीने जुन्या विहिरीत रंगीत दिवे सोडले. पावसाळ्यात त्या दिव्यांनी तीन बेडूक मारले आणि गावाची वीज घालवली. तिसऱ्यांनी दगडी उखळ उलटं करून त्याला ‘संवाद-आसन’ अशी पाटी लावली. त्यावर बसलं की थंडी थेट हाडात जाते. संवाद होत नाही.

या वेळची मुलं बरी होती. ये-सुल ही पुढारी; तिच्या तोंडाला टाळा म्हणून नव्हता. ते-ओ हा उंच, वाकून चालणारा पोरगा, सतत लॅपटॉप कवटाळून. आणि सो-दाम. ती फारसं बोलायची नाही, चित्रं काढायची. काढताना ज्याचं चित्र काढतेय त्याच्याकडे अशी बघायची की उखळालाही लाज वाटावी.

दुसऱ्या दिवशी ये-सुल म्हणाली, “प्रमुखकाका, कुणी हात न लावलेलं काही आहे का हो गावात? सगळ्यालाच आधी कुणीतरी रंग फासलाय.”

“नाही बुवा. होतं तेवढं सगळं दिलं.”

तेवढ्यात सो-दामने डोंगराच्या पायथ्याकडे बोट केलं. “ती खोली कसली?”

“अवजारांची.”

“गावापासून इतकी लांब?”

“जुनी अवजारं आहेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिरचीची रोपं लावत होतो, तर ही बांधावर येऊन उभी. “काका, अवजारांना डोळे असतात का?”

फळीच्या फटीतून तिने आत डोकावून पाहिलं होतं. आतून कुणीतरी तिच्याकडे बघून हसत होतं, आणि तेही उलटं.

ती खोली म्हणजे आमचं डोलीघर. पूर्वी माणूस गेला की त्याला सजवलेल्या डोलीत घालून, बारा जणांच्या खांद्यावरून डोंगरावर न्यायचे. त्या डोलीचे दांडे, कापडं आणि तिच्यावर बसवायचे लाकडी बाहुले तिथे ठेवलेले असत. आता माणूस शहरातल्या हॉस्पिटलात मरतो, तिथल्याच तळघरात त्याच्या अंत्यविधीचे तीन दिवस होतात आणि बस त्याला घेऊन जाते. डोलीघराला सत्तावीस वर्षं कुलूप होतं. शाळेतून येताना आम्ही पोरं त्या खोलीसमोरून श्वास रोखून पळायचो.

आता हे त्या मुलीला सरळ सांगायला काय हरकत होती? काही नाही. पण त्याच आठवड्यात सोलहून एक जोडपं जांगचं रिकामं घर बघायला येणार होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आमच्या गावात राहायला यायचं म्हणत होतं, आणि त्या घराची मोठी खिडकी नेमकी डोलीघराकडे उघडते. गावात मुलं आली की बातमी शहरात जायला वेळ लागत नाही. मी घाम पुसला आणि म्हणालो, “खेळणी आहेत ती. जुन्या काळच्या पोरांची.”

“बघू?”

खेळणी म्हटल्यावर नाही कसं म्हणणार! मी कुलूप काढलं. आत लाकडी पेटीत ते सगळे होते. वाघावर बसलेला वाटाड्या, सोटा घेतलेला पहारेकरी, सुरई धरलेली बाई. आणि तो. दोन्ही तळवे खाली टेकलेले, पाय आकाशात, गालांवर लाल ठिपके आणि चंद्रकोरीसारखं हसू. मी त्याला शेवटचं पाहिलं ते सदतिसाव्या वर्षी, वडिलांना नेताना. तेव्हाही तो असाच हसत होता आणि मला त्याचा भयंकर राग आला होता.

“हा कोण?” सो-दामने विचारलं.

“सर्कशीतला असेल,” मी म्हणालो.

मुलांना आनंदाचं भरतं आलं. तीन आठवडे त्यांनी त्या बाहुल्याला सगळ्या बाजूंनी मोजलं, चितारलं, संगणकात घालून फिरवलं. सो-दामने त्याची रेषा अशी पकडली की कागदावरही तो हसतोय आणि आपल्याशी काहीतरी बोलू बघतोय असं वाटावं. नाव ये-सुलने ठेवलं: बारो. बारो म्हणजे सरळ. उलट्याचं नाव सरळ, हे तिला फार गमतीचं वाटलं.

मे महिन्यात तालुका कचेरीत सादरीकरण झालं. आमचे तालुकाध्यक्ष मेंग यांना त्या वेळी बोधचिन्ह हवंच होतं. आधीचं बोधचिन्ह लसूण होतं, हातपाय असलेला, हसरा. पण शेजारच्या तालुक्याचंही लसूणच होतं आणि त्याच्या पलीकडच्याचंही. प्रांताच्या मेळाव्यात तिन्ही लसूण एका मंचावर आले, तेव्हा मेंगसाहेबांनी चुकून दुसऱ्याच लसणाला मिठी मारली. तो फोटो छापून आला होता.

“हा उलटा का?” मेंगसाहेबांनी विचारलं.

“जग उलटं झालं तरी हसत राहा, असं तो म्हणतोय,” ये-सुल म्हणाली.

प्राध्यापक ताक उठले. “हा अधोमुख देह म्हणजे परिघाने केंद्राकडे टाकलेला कटाक्ष आहे.”

मेंगसाहेबांनी तीनदा मान हलवली. त्यांना कळलं की ते एकदाच हलवतात. कळलं नाही की तीनदा. “आणि हा आमच्या तालुक्याचाच? अस्सल?”

“नूतीगोलचा. पारंपरिक खेळणं. गावप्रमुख इथेच आहेत,” प्राध्यापक म्हणाले.

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी उभा राहिलो, कमरेत वाकून नमस्कार केला आणि खाली बसलो. टाळ्या पडल्या. त्यात सगळ्यात जोरात टाळ्या माझ्या होत्या.

प्रसिद्धी विभागाने घोषवाक्यही लगेच काढलं. आमच्या तालुक्यातून दरवर्षी माणसं कमी होतात. कुणी शहरात जातं, कुणी डोंगरावर. म्हणून नवीन लोकांना बोलवायचं होतं. घोषवाक्य असं: ‘बारोसोबत ओक्सानला या. परत जावंसं वाटणारच नाही!’

जूनमध्ये सो-दाम एकटीच बसने गावात आली. बाहुला कुणी घडवला त्याचं नाव तिला हवं होतं, चित्राखाली द्यायला. मी शेतात होतो. ती सरळ सभागृहात गेली. तिथे दुपारी म्हाताऱ्यांचा फुलापत्त्यांचा, म्हणजे फुलांची चित्रं असलेल्या पत्त्यांचा, डाव चालतो. ती बोंगनाम आजीसमोर बसली आणि चित्र पुढे केलं.

बोंगनाम आजी एक्याण्णव वर्षांची. पत्त्यात लबाडी करते आणि पकडली की बहिरी होते. चित्र बघितल्यावर मात्र तिने हातातले पत्ते उताणे टाकले. हातातला डाव तिने असा उघडा टाकलेला गावाने पहिल्यांदाच पाहिला.

“अगं बाई, हा कुणाकडे आलाय?”

“कुणाकडे म्हणजे, आजी?”

“आमच्यातल्या कुणाकडे? मला आधी सांग. पाहुणा आल्यावर माझी धावपळ नको.”

मग सगळं बाहेर आलं. आजीचा नवरा डोलीच्या पुढच्या कडेवर उभा राहून घंटा वाजवत गाणं म्हणायचा. तिला एकेका बाहुल्याची ओळख होती. वाटाड्या वाट दाखवतो. पहारेकरी भुताखेतांना हाकलतो. सुरईवाली तहान-भूक बघते. “आणि हा उलटा? अगं, रडणारे सगळे मागे राहतात. पुढची वाट गेलेल्याला एकट्यानेच चालायची. त्याचं मन रमायला नको? म्हणून हा डोक्यावर उभा राहतो. कोक्दू म्हणतात यांना. दो सुताराने केला हा, त्याची पोरगी गोवराने गेली तेव्हा. सात वर्षांची होती. तिला उड्या मारणारे लोक फार आवडायचे.”

संध्याकाळी सो-दाम माझ्या मिरचीच्या वाफ्यात येऊन उभी राहिली. चेहरा पांढरा पडलेला.

“काका, तुम्ही मला वेडी समजलात.”

“तसं नव्हे गं. तू लहान आहेस. म्हटलं, घाबरशील.”

“माझी आजी गेल्या वर्षी गेली. हॉस्पिटलच्या तळघरात तीन दिवस बसलो आम्ही. प्लास्टिकच्या वाटीत सूप, आल्या-गेल्याला नमस्कार, आणि पार्किंगची चिठ्ठी कुणाकडे यावरून बाबा नि काकांचं भांडण. तीन दिवसांत कुणी हसलं नाही, काका. आणि धड रडलंही नाही कुणी. तिथे हा असता तर मी घाबरले असते असं वाटतं तुम्हाला?”

मी सोलच्या जोडप्याचं सांगितलं. खिडकीचं सांगितलं. ते जोडपं येऊन गेलं होतं, आणि बस दिवसातून तीनदाच आहे म्हणून नको म्हणालं होतं. डोलीघराकडे त्यांनी मान वळवूनही पाहिलं नव्हतं.

“म्हणजे खोटंही फुकट गेलं,” ती म्हणाली.

तिघं मिळून प्राध्यापकांकडे गेली. तिथे काय झालं ते ते-ओने मला नंतर जसंच्या तसं करून दाखवलं. प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, “छान. म्हणजे याला खोलीही आहे तर.”

“सर, पण तो मेलेल्यांना घेऊन जातो,” ये-सुल म्हणाली.

“पुनर्व्याख्येत मूळ अर्थ आड येऊ द्यायचा नसतो. अहवाल गेलाय. मूळ अर्थ आपण तळटीपेत घालू.”

“आणि तालुका कचेरी?”

“तळटीप कोण वाचतं?”

ऑगस्टमध्ये महामार्गाच्या फाट्यावर सात मीटर उंचीचा हवेचा बारो उभा राहिला. पाय आकाशात, हसू जमिनीलगत. वारा सुटला की तो येणाऱ्या गाड्यांकडे झुकायचा, जणू ‘कोण कोण आलंय’ ते बघतोय. मग तो कचऱ्याच्या पिशव्यांवर आला. पाण्याच्या बिलावर आला. नवजात बाळांना तालुक्याकडून जी दुपटी मिळतात त्यांच्यावर आला. तशी वर्षात बाळं झाली होती एकोणीस. त्यातल्या एका बाळाची पणजी म्हणे दुपटं घेऊन कचेरीत गेली आणि टेबलावर ठेवून म्हणाली, “अहो, याला आत्ताच तर आणलंय.” कारकुनाला वाटलं, म्हातारीला रंग आवडला नाही. त्याने निळ्याऐवजी पिवळं दिलं.

सप्टेंबरात आरोग्य केंद्राची बस गावात आली. म्हाताऱ्यांना तपासणीला न्यायची बस ती, दर सहा महिन्यांनी येते. मी सकाळीच ध्वनिक्षेपकावरून घोषणा केली होती आणि चौदा जण चांगले कपडे घालून झाडाखाली बसले होते. वळणावरून बस आली. पुढच्या काचेच्या वर, बसच्या रुंदीएवढा बारो. खाली लिहिलेलं: ‘चला, मी न्यायला आलोय!’

कुणी हललं नाही.

चालक खाली उतरला. चांगला माणूस, हसतमुख. “चला आजी, आधी तुम्ही. हात द्या.”

बोंगनाम आजीने बसकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे पाहिलं. “तू कोण?”

“मी घ्यायला आलोय तुम्हाला.”

“ते दिसतंय. माझी अजून मिरची वाळायचीय. पुढच्या वर्षी ये.”

“आजी, नुसतं रक्त तपासायचंय!”

“आधी रक्त म्हणतात, मग सगळंच नेतात,” मागून ह्वांगआजोबा म्हणाले. ते उठले आणि काठी टेकत घराकडे चालू लागले. बाकीचे त्यांच्या मागे. गुडघे दुखतात म्हणून वर्षभर कण्हणाऱ्या बायका अशा भराभर गेल्या की पाहत राहावं. पाच मिनिटांत झाडाखाली मी, चालक आणि एक विसरलेली छत्री.

“काय झालं हो यांना?” चालकाने विचारलं.

“ऊन लागलं असेल,” मी म्हणालो. बघा, सवय किती लवकर लागते.

त्याच दिवशी गावोगावच्या सभागृहांतले फोन खणखणले. आमच्या म्हाताऱ्या इंटरनेट वापरत नाहीत, त्यांना त्याची गरजही नाही. दुसऱ्या दिवशी बस अकरा गावांत गेली आणि अकराही गावांतून रिकामी आली. तिसऱ्या दिवशी मला कचेरीतून बोलावणं आलं.

मोठ्या टेबलाभोवती मेंगसाहेब, प्राध्यापक ताक, बोधचिन्ह विभागाचा सोक नावाचा अधिकारी आणि तिन्ही मुलं बसली होती. मेंगसाहेब रागावलेले नव्हते. रागावलेले असते तर बरं झालं असतं.

“प्योसाहेब, खेळणं आहे असं तुम्हीच सांगितलंत ना?”

“हो. पण...”

“मग ते खेळणंच आहे.” त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. “गावच्या प्रमुखाने सांगितलंय म्हणजे झालं. आपण तसं निवेदन काढू. ‘हा बाहुला म्हणजे ओक्सान भागातील बालकांचं पारंपरिक खेळणं असून त्याचा अन्य कशाशीही संबंध नाही.’ प्राध्यापकांचं मत जोडू. खाली तुमचा शिक्का.”

“संशोधनाच्या दृष्टीने खेळणं ही संकल्पना पुरेशी लवचिक आहे,” प्राध्यापक म्हणाले.

सोकने छापील कागद पुढे सरकवला. उखळाकडे बघायची तशी सो-दाम माझ्याकडे बघत होती.

त्या वेळी मी उठून सगळं खरं सांगितलं असतं, तर ही गोष्ट सांगायला मला अभिमान वाटला असता. मी खिसे चाचपले. “शिक्का घरी राहिला वाटतं,” मी म्हणालो. शिक्का आतल्या खिशातच होता. छातीला टोचत होता.

गावात परतलो तर बोंगनाम आजी माझ्याच ओसरीवर बसलेली. तिला सगळं आधीच कळलं होतं, ते-ओने फोन केला होता.

“खेळणं म्हणालास त्याला?”

“चुकलं, आजी.”

“तुझ्या बापाच्या डोलीवर अगदी पुढे होता तो. घाटीत पाऊस लागला, सगळे घसरत होते. माझा नवरा म्हणाला, प्योचा गडी जिवंतपणी नाचला नाही, आता तरी नाचतोय. आठवतं का, तू हसला होतास?”

मी हसलो होतो. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला होता.

“एक काम कर,” आजी म्हणाली. “मला ती डोली एकदा बघायचीय. सजवून, उचलून. मेल्यावर मी काय बघणार डोंबल! पूर्वी न्यायच्या आदल्या दिवशी रिकामी डोली गावातून फिरवायचेच की. जावयाला वर बसवून त्याची फजिती करायचे. तसंच. आदला दिवस जरा लवकर आला असं समज.”

“बारा जण लागतात. गावात उचलू शकतील असे मी आणि धाकटा ह्वांग. तो सहासष्टचा.”

“त्या पोरांना सांग.”

सांगायची गरज पडली नाही. सो-दामने आधीच विचारून ठेवलं होतं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी मुलं आली, आमच्या तिघांना धरून नऊ. पायात पांढरे बूट, एकीचे केस हिरवे. त्याआधीच्या रविवारी त्यांनी दांडे पुसले, कुजलेल्या दोऱ्या बदलल्या, आजीने सांगितलं तसे बाहुले ज्याच्या त्याच्या जागी बसवले. या वेळी कुणी कशाची पुनर्व्याख्या केली नाही. एकाने दांड्यांना चमकणाऱ्या पट्ट्या लावू का असं विचारलं, तर आजीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पट्ट्या परत पिशवीत घातल्या आणि पिशवी पाठीमागे लपवली.

मी सकाळी ध्वनिक्षेपक लावला. “नूतीगोलच्या रहिवाशांना कळवण्यात येतं, की डोंगराखालची खोली अवजारांची नाही. ते आपलं डोलीघर आहे. त्यातले बाहुले खेळणी नाहीत. मी खोटं बोललो होतो. चूक झाली.” बाहेर आलो तर ह्वांगआजोबा फाटकाशी उभे. “प्रमुख, हे कुणाला सांगत होतास? आम्हाला माहीत नव्हतं का?”

नऊ मुलं, मी आणि धाकटा ह्वांग, मिळून अकरा. डोली एका कोपऱ्यात कलली. दोनदा उचलून पाहिली, दोनदा खाली ठेवली. तेवढ्यात कचेरीची पांढरी गाडी आली आणि हातात फाइल घेऊन सोक उतरला.

“प्योसाहेब, तो शिक्का...” आणि तो थांबला. समोर लाल-निळ्या कापडांची डोली, तिच्या माथ्यावर वाघ, सुरई, सोटा, आणि अगदी पुढे त्याच्याच कार्डावर छापलेला तो, पाय वर करून हसणारा.

“हे काय आहे?”

“तुमच्या कागदाप्रमाणे खेळणं आहे,” मी म्हणालो. “पण एक गडी कमी पडतोय.”

“मी कामावर आहे.”

“किती वर्षांचा रे तू?” आजीने विचारलं.

“चौतीस.”

“गाव कुठलं तुझं?”

“सोंगजोन.”

“मग तुझ्या आजोबाला यांनीच नेलं असेल. फाइल ठेव नि ये.”

सोकने इकडेतिकडे पाहिलं. मग फाइल गाडीच्या टपावर ठेवली, कोट काढला, घडी घातला आणि दांड्याखाली खांदा दिला. डोली सरळ उभी राहिली.

“थांबा,” आजी म्हणाली. “मला वर चढवा.”

“आजी, पडाल!” ये-सुल ओरडली.

“मग काय मेल्यावर विचारणार आहात मला, धक्के बसतात का म्हणून? चढवा.”

नवरा जिथे उभा राहायचा तिथे, डोलीच्या पुढच्या कडेला, तिला बसवलं आणि कापडाने कमरेशी बांधलं. तिने घंटा वाजवली. आवाज फाटलेला होता, पण गाणं जागच्या जागी होतं. ती एक ओळ म्हणायची, आम्ही खालून ‘ओहो, ओहो’ करायचं आणि एक पाऊल टाकायचं. चार ओळींत तिचा श्वास संपला. तिने घंटा खाली ये-सुलच्या हातात दिली. “तू बोल. फार बोलतेस ना!”

“मला नाही येत, आजी!”

“येत कुणालाच नाही. दिसेल ते म्हण. ज्याच्यावर राग असेल त्याला घाल त्यात. तसंच असतं हे.”

ये-सुलने एकदा घंटा वाजवली. मग दुसऱ्यांदा.

“लसूण गेला, बाहुला आला...”

“ओहो, ओहो!”

“आमचा तालुका उलटा झाला...”

“ओहो, ओहो!” सोकचा आवाज सगळ्यात मोठा होता. मी वळून पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते.

“गुरुजी आमचे फार महान, मरणाला दिली तळटीप छान...”

मुलं हसून इतकी वाकली की डोली डचमळली आणि वरून आजीने शिवी हासडली. ती मी इथे सांगत नाही.

“प्रमुखकाकांचं कुलूप मोठं, किल्ली खरी नि बोलणं खोटं...”

“ओहो, ओहो!” हे मला स्वतःच म्हणावं लागलं, पाऊल टाकायचं होतं ना. दोन्ही बाजूंना अख्खं गाव हसत होतं. ह्वांगआजोबा मिरच्यांच्या माळांखाली उभे राहून डोळे पुसत होते, आणि ते हसून पुसत होते की कशाने ते मी विचारलं नाही. सो-दाम माझ्यापुढच्या दांड्याला होती. तिची पाठ हलत होती. मला आधी वाटलं हसतेय. मग कळलं, दोन्ही चाललंय.

कुणीतरी हे सगळं फोनवर टिपलं आणि दोन दिवसांत ते देशभर पाहिलं गेलं. मेंगसाहेबांनी आधी सोक तिथे काय करत होता ते विचारलं, आणि मग पाहणाऱ्यांचा आकडा कळल्यावर त्याला शाबासकी दिली. माझ्याकडे शिक्का मागायला पुन्हा कुणी आलं नाही. मीही जाऊन दिला नाही. फाट्यावरचा बारो त्यांनी सरळ केला. म्हणजे हवा काढून, फिरवून, पुन्हा भरली. आता त्याचे पाय जमिनीवर आहेत, पण लोकांना हसू नीट दिसावं म्हणून फुग्यावर चेहरा मुळात सरळ छापला होता, त्यामुळे आता हनुवटी वर आणि कपाळ खाली आहे. त्याला बघून आता कुणी घाबरत नाही आणि कुणी हसतही नाही. आरोग्य केंद्राच्या बसवर पुन्हा लसूण आला. प्राध्यापकांचा लेख छापून आला, त्यात म्हणे आमचा उल्लेख ‘स्वयंस्फूर्त प्रति-पुनर्व्याख्या’ असा आहे. तिन्ही मुलांना त्यांनी विषय सोडून काम केलं म्हणून कमी श्रेणी दिली.

त्या शनिवारी डोली डोलीघरात ठेवून आम्ही सभागृहात जेवायला बसलो. तिखटजाळ गोमांसाचं सूप आणि भात होता, मयताच्या घरी असतो तसाच, आजीनेच सांगून करवलेला. ते-ओला चमचा उचलता येईना. लॅपटॉप सोडून त्याने जन्मात काही उचललं नव्हतं. खांदा सुजून टम्म झाला होता. बोंगनाम आजीने त्याला शर्ट खाली ओढायला लावलं आणि मलम चोळायला घेतलं.

“आई गं! हळू, आजी!”

“एवढ्याशा म्हातारीने ही गत? डावीकडचे तुम्ही सगळे फार भरभर चालता. अशाने मी डोंगरावर पोचायच्या आधीच घसरून पडेन.”

“पुढच्या वेळी नीट करू.”

“कधी?”

“तुम्ही म्हणाल तेव्हा,” ते-ओ म्हणाला, आणि काय बोललो ते कळून त्याचे कान लाल झाले.

आजीने मलमाचं झाकण लावलं. “दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी या. शिकवते. आणि येताना त्या कचेरीवाल्याला आणा, त्याचा आवाज चांगला आहे.” मग तिने त्याच्या दुखऱ्या खांद्यावर एक चापट मारली आणि पत्ते पिसायला घेतले.